सायलेंट हंटर ३ : न हटणारं वादळ असं हटवलं

सायलेंट हंटर ३ हा पाणबुडीचा कॉम्प्युटर गेम. त्यात अटलांटिकमध्ये शिरलं की वारा सेकंदाला १५ मीटरवर जाऊन बसायचा आणि हलायचं नाव नाही. डेकवरच्या तोफेवर माणसं पाठवता येत नाहीत, पेरिस्कोपमध्ये नुसत्या लाटा. सेव्ह करून पुन्हा लोड केलं की हवा बदलते, पण ती पळवाट झाली.

खरा इलाज गेमच्या कॅम्पेन (मोहीम) फोल्डरमधल्या ‘मिस’ (.mis) फाइलींत आहे. नोटपॅडमध्ये उघडून ‘वेदर’ विभागातली ‘वेदरआरएनडीइंटरव्हल’ (WeatherRndInterval) ही ओळ शोधा. हवामान किती अंतराने पुन्हा ठरवायचं, ते हा आकडा सांगतो. मी तो कमी केला. अर्थात मूळ फाइलींची कॉपी ठेवून, आणि बोट बंदरात असताना. नावात ‘एससीआर’ (SCR) आणि ‘आरएनडी’ (RND) असलेल्या दोन ‘मिस’ फाइली आहेत, त्या दोन्हींत आकडा सारखाच ठेवला. आता वादळ येतं, ओसरतंही. धुकं मात्र अजून जरा जास्तच मुक्काम ठोकतं.