न्यूकॅसलमध्ये सिनेमा करायला येताय? आधी व्हिसाची अट वाचा

मी फिल्मच्या एमएसाठी इंग्लंडमधलं न्यूकॅसल निवडलं ते अँबर या सिनेमे आणि फोटो करणाऱ्या गटापायी. १९६९ साली लंडन सोडून इथे आलेली ही मंडळी. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेला कोळसा घोडागाड्यांतून गोळा करणाऱ्यांवर 'सीकोल' (१९८५) करायचा, म्हणून त्यांनी लाइनमथच्या किनाऱ्यावर कॅरॅव्हॅन (चाकांवरचं घर) विकत घेतली आणि त्याच वस्तीत मुक्काम टाकला. मच्छीमारांवरच्या 'इन फेडिंग लाइट'साठी तर बोटच घेतली. मला वाटलं, जाऊन दार ठोठवायचं. २०२३च्या सप्टेंबरात पोचलो, तर त्यांची १९७७ पासूनची साइड ही फोटोंची गॅलरी एप्रिलमध्येच बंद झालेली. कलांना सरकारी पैसा देणाऱ्या आर्ट्स कौन्सिलचं अनुदान गेलं होतं.

तर दार ठोठवून नोकरी, हे विसरा. इथल्या अशा कंपन्यांत कायमची माणसं दोन-चार, बाकी सगळे शूटपुरते फ्रीलान्स. आणि नेमका इथेच माझा पाय अडकला.

फेब्रुवारीत एका छोट्या कंपनीचा फोन आला, दोन दिवस रनर, म्हणजे शूटवरची पडेल ती कामं करणारा पोऱ्या, हवाय. कौन्सिलच्या (इथल्या नगरपालिकेच्या) भाड्याच्या घरांमधल्या ओल-बुरशीवरची शॉर्ट फिल्म. मी दोन दिवस कम्युनिटी हॉलमध्ये चहा केला, खुर्च्या उचलल्या. एका भाडेकरू आजीबाईंनी 'थँक्यू, पेट' (इथलं लाडाचं 'बाळा') म्हटलं, तेव्हा उगाच गळा दाटून आला. दुसऱ्या संध्याकाळी प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाली, "इन्व्हॉइस पाठवून दे." मी खुशीत घरी येऊन टेम्प्लेट डाउनलोड केलं. रूममेटने ते पाहिलं आणि विचारलं, "तुला चालतं हे?"

चालत नाही. स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला बंदी आहे आणि इन्व्हॉइस देऊन काम करणं म्हणजे स्वयंरोजगारच. आठवड्याला २० तासांच्या आत राहिलं की झालं, असं मी धरून चाललो होतो. तसं नाही. ती २० तासांची मुभा नोकरीसाठी आहे. इन्व्हॉइसवर दोन तास केले तरी अट मोडली. कंपनीने तुम्हाला पेरोलवर घ्यायला हवं, पगारातून कर कापायला हवा, पेस्लिप द्यायला हवी. हे सगळं काम सुरू करायच्या आधी विचारा, चहाचे कप धुऊन झाल्यावर नव्हे. मी विचारलं तर उत्तर आलं, "दोन दिवसांसाठी कुठे पेरोल? सगळे असंच करतात." सगळ्यांकडे ब्रिटिश पासपोर्ट असतो हो! ते पैसे मी सोडले. युनिव्हर्सिटीच्या व्हिसा सल्लागाराकडे गेलो तेव्हा हात थरथरत होते.

'मग फुकट करतो' ही पळवाटही तितकी सोपी नाही. बिनपगारी काम किंवा इंटर्नशिपही त्या २० तासांत मोजतात. आणि एमएवाल्यांनो, डिसर्टेशनचा (प्रबंधाचा) उन्हाळा ही सहसा सुट्टी धरली जात नाही. तेव्हाही २० तासच.

घाबरू नका मात्र. कोर्स संपल्यावर ग्रॅज्युएट व्हिसा मिळाला की फ्रीलान्स काम करता येतं. तोवर कोर्समधल्या प्लेसमेंट शोधा, नॉर्थ ईस्ट स्क्रीन या इथल्या फिल्म-टीव्ही संस्थेच्या कार्यक्रमांना जा, तिथल्या लोकांशी बोला. 'फक्त ओळख करून देतो' म्हणणाऱ्या स्वयंघोषित मेंटॉरांना माझ्या मते लांबूनच नमस्कार करावा. मला खरं शिकवलं ते एका साउंड रेकॉर्डिस्टने. त्याने सल्ला एकही दिला नाही, केबल कशी गुंडाळायची ते चार वेळा दाखवलं. जॉर्डी ही इथली बोली तीन महिने कळत नाही, पुन्हा विचारायला लाजू नका. आणि लोकांच्या घरात पहिल्याच दिवशी कॅमेरा काढू नका. कॅरॅव्हॅन घेणं परवडणार नाही, पण दोन-चार वेळा नुसतं जाऊन बसता येतं.

माझा पहिला इन्व्हॉइस मी ग्रॅज्युएट व्हिसा आल्यावर पाठवला. पैसे यायला सात आठवडे लागले.