पैठणी हातमागाची आहे का? आधी पदर उलटा करा

पैठणी अंगावर टाकून आरशात बघण्याआधी पदराची मागची बाजू बघा. येवला-पैठणच्या पारंपरिक विणीत पदरावरचा मोर, मुनिया (छोटा पोपट) किंवा असावलीची वेल हाताने भरतात. प्रत्येक रंगाची तिल्ली, म्हणजे धाग्याची छोटी रीळ, वेगळी असते. विणकर मोजके ताणे (उभे धागे) बोटांनी उचलून तेवढ्याच जागेत बाणा (आडवा धागा) फिरवतो आणि शेजारचा रंग आला की दोन्ही धागे एकमेकांत अडकवून मागे वळतो. त्यामुळे मागे लोंबते धागे राहत नाहीत, मोर दोन्हीकडून जवळपास सारखाच दिसतो. चोचीत, पिसाऱ्यात किंचित फरक सापडला तर चांगलंच. सगळे मोर तंतोतंत एकसारखे असतील तर शंका घ्या.

मागे एका नक्षीपासून दुसऱ्या नक्षीपर्यंत सैल धागे गेलेले असतील, किंवा ते कातरलेले असतील, तर ती नक्षी जॅकार्डवर, म्हणजे नक्षीप्रमाणे ताणे आपोआप उचलणाऱ्या यंत्रणेवर, उठवलेली आहे. पण म्हणून लगेच यंत्रमाग म्हणू नका. हातमागालाही जॅकार्ड बसवतात आणि ब्रोकेड पैठणी तशीच विणतात. त्यात वावगं काही नाही. फक्त हाताने भरलेल्या पदराचा भाव तिला देऊ नका.

लेबलांची गल्लत इथेच होते. सिल्क मार्क रेशमाच्या शुद्धतेचा असतो, तो यंत्रमागावरच्या साडीलाही मिळतो. हातमागासाठी हँडलूम मार्क वेगळा आहे. पैठणीला २०१० पासून भौगोलिक मानांकनही आहे.

रेशमाची खात्री करायची तर पदराच्या टोकाचा एक ताणा आणि एक बाणा, दोन्ही वेगवेगळे जाळा. एकच जाळून फसायला होतं, कारण भेसळ बहुधा एकाच धाग्यात असते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

जरीचा धागा नखाने खरवडा. सोन्याच्या मुलाम्याखाली पांढरी चांदी दिसली तर अस्सल, तांबूस तार दिसली तर टेस्टेड, म्हणजे चांदीऐवजी तांब्याच्या तारेची जरी. प्लॅस्टिकची जरी ज्योतीजवळ नेताच आक्रसते.

घरी आणल्यावर साडी धुतलेल्या मलमलीत किंवा सुती कापडात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते आणि जरी काळी पडते. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका, अत्तर साडी नेसण्याआधीच लावा. हँगरवर टांगलीत तर जरीच्या वजनाने कापड ओढलं जातं, म्हणून आडवीच ठेवा. तीन-चार महिन्यांनी घडी मोडून नवी घाला. जुनी घडी तशीच राहिली तर जरीची तार नेमकी तिथेच तुटते. साडी नेसून झाल्यावर लगेच घडी घालू नका. सावलीत काही तास पसरून घामाचा ओलावा जाऊ द्या. इस्त्री मध्यम गरम, वर सुती कापड टाकून उलट्या बाजूने. डाग पडला तर पाणी न लावता ड्राय क्लीनिंगला द्या आणि डाग कशाचा आहे ते तिथे सांगा.