आत्मिक लढाईत या चुका टाळा: आधी शरण, मग सामना

नाशिकच्या शरणपूर रोडवरून रोज ये-जा करतो, पण त्या नावाकडे आपलं लक्ष जात नाही. 1854 मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने इथे ख्रिस्ती वस्ती वसवली, तिचं हे नाव. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलंही पुढे इथे आली. आसऱ्याला आलेली ती मुलं रिकामी बसली नाहीत, सुतारकाम-लोहारकाम शिकली. देवावर विसंबणं म्हणजे काय, हे मला त्या नावापाशी थांबल्यावर उमगलं. आत्मिक लढाईत, म्हणजे मोहाशी आणि सैतानाशी झगडताना, त्याआधी मी केलेल्या आणि मंडळीत (चर्चमध्ये) वारंवार दिसणाऱ्या चुका सांगतो.

आधी लढणं, मग शरण जाणं

बायबलमधल्या याकोब 4:7 चा क्रम पाहा: आधी देवाच्या अधीन व्हा, मग सैतानाला अडवा. आपण उलटं करतो. दारू सोडायची, मोबाइलवर नको ते पाहणं थांबवायचं, राग आवरायचा, की आधी शपथ घेतो. 15 दिवस निभतं. मग पडलो की लाजेने प्रार्थनाही बंद होते.

निफाडच्या कुठल्याही द्राक्षबागायतदाराला विचारा, ऑक्टोबर छाटणीत तोडलेली काडी त्या दिवशी ताजीच दिसते, सुकते ती नंतर. वेलीत न राहणारा फाटा सुकून जातो, हे योहान 15 मध्ये वाचताना मला हमखास ती काडी आठवते. आपला मोह साधारण कोणत्या वेळी येतो, हे ज्याचं त्याला माहीत असतं. त्याच्या तासभर आधी, मन शांत असतानाच म्हणा, "प्रभू, आज मला जमणार नाही, तू मला धर."

माणसालाच शत्रू समजणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. वडिलोपार्जित जागेवरून थोरल्या भावाशी बिनसलं, तेव्हा मी उपास धरून प्रार्थना करत होतो, "प्रभू, दादाला वाकव." त्याला मी आत्मिक लढाई म्हणायचो! आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही, हे इफिस 6:12 तोंडपाठ असूनही.

पाळकसाहेबांनी एकदाच विचारलं, "दादांचं नाव घेऊन कधी आशीर्वाद मागितलास?" मी गप्प झालो. घरी गुडघ्यांवर बसलो, पण तीन दिवस ते नाव तोंडातून निघेना. चौथ्या दिवशी निघालं आणि रडू कोसळलं. जागेची मोजणी अजून व्हायचीच आहे, वाद मिटलेला नाही. पण दादाचा फोन आला की पूर्वी छातीत जे पेटायचं, ते आता पेटत नाही. ते विझवणं माझ्या हातचं नव्हतं.

विसंबणं म्हणजे घरी बसणं

2 इतिहास 20 मध्ये शत्रूसेना चाल करून येते, तेव्हा यहूदाचा राजा यहोशाफाट कबूल करतो की काय करावं ते सुचत नाही, आमचे डोळे तुझ्याकडे लागले आहेत. लढाई देवाची आहे, असं उत्तर मिळतं. तरी दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे उठून रणभूमीकडे निघाले, गाणारे पुढे. दारू सुटावी म्हणून प्रार्थना करता, तर गुत्त्यावरून जाणारा रस्ताही बदला.

थकव्याला सैतान म्हणणं

सातपूर-अंबडच्या कारखान्यात महिनाभर रात्रपाळी केलेला माणूस चिडचिडा होणारच. मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर-पाणी दिलं, तेही दोनदा (1 राजे 19). झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर प्रार्थना करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडेही जा. त्यात विश्वास कमी पडत नाही.

एकट्याने लढणं

लढाईत मोशेचे हात वर असेपर्यंत इस्राएलची सरशी होत होती; पण त्याचेसुद्धा हात जड झाले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी ते सूर्यास्तापर्यंत धरले (निर्गम 17). माझ्यासाठी मंडळीतले दोघं आहेत. "प्रार्थनेत आठवण ठेवा" एवढं मोघम मी आता त्यांना सांगत नाही. या आठवड्यात कुठे घसरलो, ते सांगतो.