नेपाळच्या विजेचा हिशेब मांडताना या चुका टाळा

१५ नोव्हेंबर २०२४ ला नेपाळची वीज भारताच्या तारांवरून पहिल्यांदा बांगलादेशात पोचली. फक्त ४० मेगावॉट, आणि तीही त्या एका दिवसापुरती. पुढचे सात महिने काहीच गेलं नाही, त्यामुळे करार फसला असं वाटणं साहजिक होतं. पण वीज द्यायची ती १५ जून ते १५ नोव्हेंबर एवढ्याच काळात, असं करारातच ठरलं होतं. तिन्ही देशांच्या सह्या ३ ऑक्टोबरला झाल्या आणि वीज सुरू झाली तो हंगामाचा शेवटचा दिवस होता. २०२५ च्या १५ जूनला पुरवठा ठरल्याप्रमाणे पुन्हा सुरू झाला.

शेजारी देशांनी एकमेकांना वीज विकावी, हे मला मनापासून हवं आहे. म्हणूनच या विषयावर घाईने काढलेले निष्कर्ष खटकतात. नेहमी दिसणाऱ्या काही चुका इथे सांगतो.

प्रत्येक जलविद्युत प्रकल्पाला कोयना समजणं

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. आपल्या डोळ्यांसमोर कोयना असते. पावसाळ्यात धरण भरायचं आणि मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी मागणी चढली की पाणी सोडून वीज काढायची. नेपाळचे बहुतेक प्रकल्प असे नाहीत. नदीचं पाणी वळवायचं, बोगद्यातून टर्बाइनवर सोडायचं आणि पुन्हा नदीत मिसळू द्यायचं. साठा नाहीच, किंवा असला तर काही तासांपुरता. ४५६ मेगावॉटचा अप्पर तामाकोशीही फार तर दिवसातले काही तास पाणी अडवू शकतो. हंगामभर पाणी साठवणारा मोठा आधार म्हणजे कुलेखानी, आणि तिथले तिन्ही टप्पे मिळून जेमतेम १०६ मेगावॉट.

त्यामुळे नेपाळची स्थापित क्षमता तीन हजार मेगावॉटच्या पुढे गेली, तरी जानेवारी-फेब्रुवारीत नद्या आटल्या की निर्मिती साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते. श्रावणात भारताला वीज विकणारा देश माघात भारताकडूनच विकत घेतो. २०२३-२४ या आर्थिक वर्षात विक्रीची रक्कम खरेदीपेक्षा किंचित वर गेली, तेव्हा ‘नेपाळ वीज निर्यातदार झाला’ असे मथळे आले. वर्षाच्या बेरजेत ते खरंच होतं, पण तेव्हाही हिवाळ्यातली तूट होती तशीच होती.

म्हणून आकडा वाचला की आधी महिना विचारा, मग तास. भारतातल्या वीज खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजच्या ‘डे अहेड’ (म्हणजे एक दिवस आधीच्या) बाजारात उद्याच्या दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येकाचा भाव वेगळा ठरतो. दुपारी सौर वीज भरपूर असते, तेव्हा भाव पडतो. सूर्य मावळला की चढतो. भर पावसाळ्यात नेपाळची नदी दुपारीही तेवढीच वाहते आणि संध्याकाळीही तेवढीच. दुपारचं पाणी चार तास थोपवता आलं, तर तेच पाणी महाग विकलं जातं. मला विचाराल तर नेपाळने आता नव्या मेगावॉटपेक्षा अशा साठ्यावर जास्त पैसा घालावा.

विकली गेली नाही तर नुकसान कोणाचं, हे न पाहणं

खासगी प्रकल्पांची वीज नेपाळ विद्युत प्राधिकरण घेतं. ठरलेला दर पावसाळी हंगामात युनिटला ४.८० आणि कोरड्या हंगामात ८.४० नेपाळी रुपये. आपल्या पैशात अनुक्रमे ३ आणि सव्वापाच रुपये. अनेक जुन्या करारांत ‘घ्या किंवा पैसे द्या’ अशी अट आहे. पावसाळ्यात गिऱ्हाईक मिळालं नाही, तर पाणी सांडव्यावरून वाहून जातं आणि प्राधिकरणाला बिल मात्र भरावं लागतं. बांगलादेशला जाणारे ४० मेगावॉट किरकोळ वाटतात. पण दिवसाला ते ९ लाख ६० हजार युनिट होतात, आणि ६.४ सेंट दराने त्यांचे रोज सुमारे ६१ हजार डॉलर येतात. एरवी वाया गेलं असतं अशा पाण्याचे हे पैसे आहेत.

करार झाला म्हणजे वीज गेली, असं धरणं

जानेवारी २०२४ मध्ये भारताने दहा वर्षांत १०,००० मेगावॉट घेण्याचा करार केला. ती वीज जाणार कुठून? मोठी वाट आजही नेपाळमधल्या ढल्केबरपासून बिहारमधल्या मुजफ्फरपूरपर्यंतच्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीची. ही वाहिनी २०१६ मध्ये १३२ वर सुरू झाली, मग २२० वर आणि २०२० मध्ये पूर्ण दाबावर आली. देशाच्या आतली परिस्थिती याहून अवघड आहे. मनोऱ्यासाठी जमीन आणि झाडं तोडायची परवानगी मिळेपर्यंत खोऱ्यातला प्रकल्प तयार होऊन बसतो.

शिवाय भारत प्रकल्प पाहून मंजुरी देतो. चिनी गुंतवणूक किंवा चिनी ठेकेदार असलेल्या प्रकल्पाची वीज तो घेत नाही. गुंतवणूकदाराने ठेकेदार नेमण्याआधीच हे पाहून घेतलेलं बरं.

संस्था तोडली की सुधारणा झाली, असं मानणं

आपल्याकडे २००५ मध्ये वीज मंडळाच्या महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशा कंपन्या झाल्या. कोण काय करतं हे स्पष्ट झालं, पण कृषिपंपांची थकबाकी त्याने सुटली नाही. नेपाळमध्ये निर्मिती, पारेषण, वितरण आणि खरेदी आजही मुख्यतः एकाच प्राधिकरणाच्या हातात आहे. नियामक आयोग २०१९ मध्ये आला. खासगी उत्पादक परस्पर वीज विकण्याचा हक्क मागत आहेत, आणि तो मिळायला हवा असं माझंही मत आहे.

पण त्याआधी एक काम आहे. काठमांडूच्या स्युचाटारमधल्या भारप्रेषण केंद्रात रोज ठरतं, कोणाची वीज घ्यायची आणि कोणाला निर्मिती कमी करायला सांगायचं. हे केंद्र प्राधिकरणाचं, आणि प्राधिकरणाचे स्वतःचेही प्रकल्प आहेत. आषाढातल्या मध्यरात्री मागणी उतरते आणि सीमेपलीकडे बोली लागत नाही, तेव्हा आधी कोणाचं टर्बाइन थांबवायचं? हा निर्णय विकणाऱ्याच्याच हातात असेल, तर नुसता विक्रीचा परवाना मिळून खासगी उत्पादकाच्या पदरात फारसं काही पडणार नाही.