नदीकाठचं जुनं गाव पर्यटनासाठी उभं करताय? या चुका टाळा

जुन्या गावांच्या पुनरुज्जीवनाचे आराखडे ओळीने चार वाचले की पाचवा न वाचताच कळतो. पहिल्या पानावर चित्र: काठावर दिव्यांची रांग, ताज्या रंगाच्या भिंती, कमान आणि कमानीशेजारी तिकीटखिडकी. सांडपाण्याचं प्रकरण शेवटी, पुराची पातळी परिशिष्टात, आणि गावात राहणाऱ्यांचा उल्लेख ‘स्थानिक घटक’ असा एका ओळीत. पुढे जे जे बिघडतं, त्यातलं बरंचसं या क्रमातूनच येतं.

जुन्या भिंतीला सिमेंट

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि निस्तरायला सगळ्यात जड जाते, म्हणून तिच्यावर थोडं जास्त.

नदीकाठची जुनी बांधकामं चुन्यात किंवा मातीत केलेली असतात. जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि सांध्यांतून, गिलाव्यातून बाहेर सुकते. भिंत कोरडी कधीच नसते, पण पाण्याची ये-जा चालू असते, म्हणून ती टिकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की बाहेरची वाट बंद. पाणी तिथेच थांबत नाही, आणखी वर सरकतं. गुडघ्यापर्यंतचा डाग काही वर्षांत कमरेच्या वर जातो. ओलीबरोबर आलेले क्षार गिलाव्याच्या मागे साठतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि विटेचे पापुद्रे सुटायला लागतात. बाहेरून सिमेंट ठणठणीत दिसतं, आतली वीट मात्र हाताने खरवडली तरी भुगा होते. जिथे थंडीत पाणी गोठतं तिथे हेच नुकसान आणखी झपाट्याने होतं. मग कंत्राटदार सांगतो, ‘ओल फार आहे, वॉटरप्रूफिंग करून घेऊ.’ म्हणजे एका झाकणावर दुसरं झाकण. अॅक्रिलिक रंगाचंही तेच.

गिलाव्याला हात लावण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा. छपराची पन्हळ, फुटका नळ, आणि सगळ्यात जास्त वेळा भिंतीला चिकटून उंच केलेली नवी फरसबंदी. पर्यटकांसाठी घातलेली फरशी घराच्या आतल्या जमिनीपेक्षा वर गेली असेल, तर आधी ती उतरवा. कित्येकदा तेवढ्यानेच निम्मं काम होतं. मग एक चौरस मीटरचा तुकडा छिन्नी-हातोडीने काढून बघा. ब्रेकर मशीन नको. गिलाव्याबरोबर विटेचा दर्शनी थर निघून येत असेल तर तिथेच थांबा. अशा जागी सिमेंट आहे तसं सोडून देणं कमी वाईट.

सुटणारं असेल तर सांधे रुंदीच्या निदान दुप्पट खोल, साधारण २० ते २५ मिमी, उकरा. भिंत भिजवून घ्या. एक भाग चुन्याला अडीच ते तीन भाग धुतलेली, टोकदार कणांची, बारीक-जाड मिसळलेली वाळू. सतत ओल असलेल्या खालच्या भागात साधा भिजवलेला चुना धरत नाही, कारण त्याला घट्ट व्हायला हवा लागते. तिथे नैसर्गिक हायड्रॉलिक चुना, म्हणजे ओलीतही घट्ट होणारा चुना, वापरा. मऊ विटेला २ दर्जाचा, सर्वसाधारण दगडी कामाला ३.५ चा. ५ चा चुना सरसकट वापरायचा मोह टाळा. तो बराच कडक असतो, आणि सांधा विटेपेक्षा कडक झाला की झीज विटेची होते. एका थराची जाडी १० मिमीच्या आसपास. वर ओलं गोणपाट, किमान पाच-सहा दिवस, आणि पारा ५ अंशांखाली जाणार असेल तर काम सुरूच करू नका.

‘लवकर धरावं’ म्हणून चुन्यात मूठभर सिमेंट टाकणाऱ्या मिस्त्रीला त्याच दिवशी कामावरून उतरवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या मिश्रणात चुन्याचा गुण राहत नाही आणि सिमेंटची ताकदही येत नाही.

पूर येऊन गेलेल्या भिंतीचा हिशेब वेगळा. जाड भिंत सुकायला ढोबळमानाने २५ मिमीला एक महिना धरतात. अर्ध्या मीटरची भिंत पुढच्या हंगामाच्या उद्घाटनासाठी पंधरा दिवसांत सुकत नसते, पाहुणे कोणीही येणार असोत. हीटर लावून घाई केली तर क्षार एकदम पृष्ठभागावर येतात आणि जुना गिलावा फुटतो. खिडक्या उघड्या ठेवा, लाकडी फळ्या सोडवून हवा खेळू द्या आणि वाट बघा.

गावालाच फाटक लावणं

गुंतवणूकदार आला की त्याची पहिली सूचना हीच: सगळ्या गावाला एकच प्रवेश, एकच तिकीट. कागदावर उत्पन्न सुबक दिसतं. चीनच्या हुनान प्रांतातलं फेंगह्वांग हे त्वोच्यांग नदीवर खांबांवर उभ्या घरांचं जुनं गाव. तिथे आधी गावात फिरायला पैसे पडत नसत, ठरावीक वास्तूंना तिकीट होतं. १० एप्रिल २०१३ पासून प्रत्येकाला गावात शिरायलाच १४८ युआन भरावे लागू लागले. त्याच आठवड्यात दुकानदार, नावाडी, खानावळवाले रस्त्यावर उतरले, दुकानं बंद झाली, पोलीस बोलवावे लागले.

यातलं गणित आधीच दिसायला हवं होतं. नदीकाठी संध्याकाळी नुसता फेरफटका मारायला येणारा, एखादी रात्र राहणारा, खाऊन-पिऊन जाणारा माणूस छोट्या धंद्यांना जगवतो. दारातच मोठी रक्कम मागितली की तोच पहिला गळतो. एकदाच येऊन सगळं बघून परत जाणारे गट उरतात, आणि त्यांचं जेवण टूर कंपनीने आधीच ठरवलेलं असतं. तिकिटाचा पैसा फाटक चालवणाऱ्याकडे, तोटा गल्लीतल्या खोलीवाल्याकडे. २०१६ च्या एप्रिलमध्ये ते सक्तीचं तिकीट रद्द झालं. तीन वर्षं गेली ती गेलीच.

पैसे घ्यायचेच तर गर्दी जिथून येते तिथे घ्या. चेक प्रजासत्ताकातल्या चेस्की क्रुमलॉव्हने, जे व्ल्तावा नदीच्या वळणात वसलं आहे, २०१९ पासून पर्यटक बसना थांब्याची वेळ आधी आरक्षित करून शुल्क भरणं बंधनकारक केलं. बसला वेळ नेमून दिली की एकाच तासात वीस बसा ओतल्या जात नाहीत, आणि पायी येणाऱ्याला कोणी अडवत नाही. याच्या जोडीला वास्तूंना वेगवेगळं तिकीट आणि मुक्कामावर थोडा कर. एवढं पुरतं.

खिडक्या न मोजणं

मला विचाराल तर गावाची तब्येत पर्यटकांच्या आकड्यावर कळत नाही. मंदीच्या महिन्यात, आठवड्याच्या मधल्या एखाद्या रात्री आठ वाजता मुख्य गल्लीतून चाला आणि वरच्या मजल्यावरच्या उजेड असलेल्या खिडक्या मोजा. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच गल्लीत. आकडा घटत असेल तर मेकअप कितीही झकास असो, गाव रिकामं होतंय. लाओसमधल्या मेकाँगकाठच्या लुआंग प्रबांगमध्ये १९९५ साली जागतिक वारशाची मोहोर उमटल्यावर अनेक कुटुंबांनी जुनी घरं अतिथिगृहांसाठी भाड्याने दिली आणि स्वतः बाहेर राहायला गेली. चेस्की क्रुमलॉव्हची गोष्ट तर पुढची: २०१८ मध्ये कातेर्झिना शेदा या कलाकर्तीने लोकांना पगार देऊन तिथे ‘नेहमीचं आयुष्य’ जगायला आणलं. उपरोध समजायला भाषांतर लागत नाही.

उपाय रटाळ आहेत, म्हणून कोणी करत नाही. ग्रामसंस्थेच्या मालकीचे गाळे असतील तर त्यातले काही किराणा, औषधं, न्हावी, दुरुस्ती यांच्यासाठी कमी भाड्यात बांधून ठेवा. भाडं पूर्ण वर्षभर सारखं लावू नका. मंदीत थोडी ठरावीक रक्कम आणि वर विक्रीचा हिस्सा घेतला तर दुकान पावसाळ्यातही उघडं राहतं. एकाच प्रकारच्या दुकानांच्या संख्येवर मर्यादा करारात लिहा. ‘बाजार ठरवेल’ म्हणणाऱ्यांनी तेच फ्रिजवरचे चुंबक आणि की-चेन विकणारी ओळीने अकरा दुकानं बघून यावीत.

सांडपाण्याचा सरासरी हिशेब

वर्षाच्या सरासरीवर टाकी बांधली की सणाच्या दिवशी ती नदीत उतू जाते. मोजायचा तो सगळ्यात गर्दीचा दिवस. पण उलट टोकही लक्षात ठेवा: जिवाणूंवर चालणारा प्रकल्प मंदीत उपाशी राहिला की हंगामाच्या पहिल्या आठवड्यात नीट चालत नाही. म्हणून एक मोठा प्रकल्प करण्यापेक्षा दोन-तीन समांतर भाग ठेवावेत, मंदीत एकच चालवावा. खानावळींना तेल अडवणारी टाकी सक्तीची, आणि ती कोण आणि किती दिवसांनी उपसणार हे करारात. नुसती बसवून घेण्यात अर्थ नाही.

बसथांब्याजवळ स्वच्छतागृह नसेल तर बाकी सगळ्या सुविधा फुकट. महिलांची स्वच्छतागृहं पुरुषांच्या दुप्पट ठेवा.

काठावरचे दिवे

पाण्यावर थेट प्रकाश टाकू नका. उजेड खाली, पिवळसर, आणि रात्री ठरावीक वेळेनंतर बंद. जे दिव्यांचं तेच होड्यांच्या आवाजाचं. थायलंडच्या आंफावात संध्याकाळचा तरंगता बाजार २००४ मध्ये पुन्हा सुरू झाला आणि काजवे दाखवणाऱ्या इंजिनाच्या होड्या रात्री फिरू लागल्या. त्या आवाजाला कंटाळून काही रहिवाशांनी काजवे बसतात ती काठावरची झाडंच तोडली. होड्यांना वेळेचं बंधन आणि आवाजाची मर्यादा पहिल्या दिवसापासून घातली असती तर रहिवाशांवर ही पाळी आली नसती. उशिरा घातलेला नियम धंदेवाल्यांना अन्याय वाटतो, आणि त्यात त्यांचं सगळंच चुकीचं नसतं.

तळघर आणि धक्का

पूर ओसरला की तळघरातलं पाणी पंपाने एका दमात उपसू नका. बाहेरची माती अजून पाण्याने भरलेली असते. आतला दाब गेला की भिंत आत कोसळते किंवा तळ वर उचलला जातो. बाहेरचं पाणी उतरल्यावर ६० ते ९० सेंमी उपसा, भिंतीवर खूण करा, रात्रभर थांबा. सकाळी पाणी खुणेच्या वर आलं असेल तर उपसायची वेळ अजून झालेली नाही. खुणेखाली राहिलं तर पुढचा टप्पा. हाच नियम नव्या तटभिंतीला: मागचं पाणी बाहेर पडायला भोकं ठेवली नाहीत, तर नदी पटकन उतरते, मागचा दाब तसाच राहतो आणि भिंत नदीकडे झुकते.

होड्यांचा धक्का तरंगता करायचा असेल तर खांबांची उंची ठरवताना नेहमीच्या नव्हे, नोंदीतल्या सगळ्यात मोठ्या पुराची पातळी घ्या आणि त्यावर आणखी मोकळी जागा सोडा. खांब बुटके राहिले तर तराफा त्यांच्या डोक्यावरून निसटतो आणि खालच्या पुलाला जाऊन अडकतो. उतरत्या फळीचा चढ उन्हाळ्यातल्या सर्वात कमी पाण्यात तपासा. तेव्हा तो १:१२ पेक्षा तीव्र होत असेल तर चाकाची खुर्ची खाली जात नाही, आणि तशी फळी लांब करायला नंतर काठावर जागा उरलेली नसते.