ओपनिंग पाठ आहे, तरी सहाव्या चालीला मोहरं का जातं?

आठवडाभर बुद्धिबळाच्या ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींचे, व्हिडिओ बघायचे, पंधरा चाली घोकायच्या आणि स्पर्धेत त्या दहा सेकंदांत धडाधड खेळून टाकायच्या, ही नवख्यांची जुनी खोड. पाठांतर वाईट नाही, पण ते भल्याभल्यांना फसवतं.

स्वित्झर्लंडमधलं बील, १९८८. पांढरी मोहरी अलोन्सो झापाताची, काळी विश्वनाथन आनंदची, पेट्रॉफ बचाव नावाची ओपनिंग (‘×’ म्हणजे मारणं). १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा एफ६ ३. घोडा × ई५ डी६ ४. घोडा एफ३ घोडा × ई४ ५. घोडा सी३. इथे आनंदने उंट एफ५ केला. आदल्याच वर्षी माइल्स–क्रिस्टियानसेन डावात ही चाल पडली होती आणि डाव बरोबरीत सुटला होता. झापाताने ६. वजीर ई२ खेळताच आनंदने डाव सोडला. ई४वरचा घोडा पांढरा वजीर आणि काळा राजा यांच्यामध्ये पिन झाला होता, म्हणजे अडकला होता: हलला की मागच्या राजाला शह. पुढे डी३ आलं की तो गेलाच. डी५ करून टेकू दिला तरी डी३ येतंच. वजीर ई७ने पिन सोडवावी, तर घोडा डी५ थेट वजिरावर. वजीर हटला की पुन्हा डी३. पाचव्या चालीला सी३वरचा घोडा मारला असता तर काहीच बिघडत नव्हतं.

म्हणून समोरच्याची चाल ओळखीची असली तरी ती आधी लिहा, पेन खाली ठेवा आणि त्या चालीने कुठली रेषा उघडली, आता शह-मार काय आहेत, एवढं बघा. तोवर हात मांडीवर. फार तर वीस सेकंद जातात; नव्वद मिनिटांतले वीस सेकंद परवडत नसतील तर ब्लिट्झच (काही मिनिटांचा झटपट डाव) खेळा.

वजीर एच५वर काढून झटपट मात द्यायचा मोह तर आवराच. समोरचा घोडे-प्यादी बाहेर काढत त्याच वजिराला पळवतो.

दोन घोड्यांच्या बचावात (१. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ घोडा एफ६) काळ्याकडून खेळताना ४. घोडा जी५ डी५ ५. ई × डी५ झाल्यावर लगेच घोड्याने प्यादं मारू नका, एफ७वर घोड्याचा बळी येतो. घोडा ए५ खेळा.

कॅसलिंग (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) करताना आधी राजा, तोही एकाच हाताने. हत्तीला आधी हात लावलात तर त्या चालीला त्या बाजूचं कॅसलिंग गेलं. हत्तीच हलवावा लागतो. आणि स्वतःची चाल खेळण्याआधी लिहून ठेवू नका, पंच टोकतात.