ठिपक्या-ठिपक्यांनी मालीमची जेटी

मासेमारीबंदीत, म्हणजे १ जून ते ३१ जुलै या काळात, गोव्यातल्या मालीमच्या जेटीला ट्रॉलर एकमेकांना खेटून उभे असतात. निवांत बंदर रंगवायला याहून चांगले दिवस नाहीत. पावसाची उघडीप साधून तिथे फक्त रेखाटन करा, कुठे कोणता रंग ते लिहून आणा. रेघा न ओढता ठिपक्या-ठिपक्यांनी चित्र भरायचं, ते घरीच.

३० × ४० सेंमीचा कॅनव्हास, २ नंबरचा गोल कुंचला आणि अ‍ॅक्रिलिक रंग पुरेत. दर ३ मिमीवर एक ठिपका धरला तरी तेरा हजारांवर ठिपके होतात. पहिल्या खेपेला याहून मोठा कॅनव्हास नको.

कोऱ्या कॅनव्हासवर थेट ठिपके दिले, की फटींतून पांढरं डोकावतं आणि चित्र फिकट पडतं. आधी पातळ सपाट थर द्या: आकाशाला राखाडी-निळा, पाण्याला त्याहून थोडा गडद, जांभ्याच्या भिंतीला गेरू. १८८८ मध्ये फ्रान्समधलं पोर्त-आं-बेसांचं बंदर रंगवणारा ठिपक्यांचा चित्रकार जॉर्ज स्यूरा हाही खाली रंग लावून मग वर ठिपके देत असे.

सगळ्यात जास्त चूक होते ती माडांच्या हिरव्यात. निळ्याशेजारी पिवळा ठिपका दिला की लांबून हिरवा दिसेल असं वाटतं. दिसतो मळकट राखाडी. पॅलेटवर रंग घोटले की हिरवा होतो, कारण दोन्ही रंगद्रव्यं मिळून हिरव्याखेरीज बाकीचा बहुतेक प्रकाश शोषतात. ठिपक्यांत मात्र दोन रंगांच्या प्रकाशाची डोळ्यात सरासरी होते. म्हणून हिरवा हिरव्यानेच भरा. उन्हाकडे त्यात पिवळे ठिपके मिसळा, सावलीकडे निळे.

एका वेळी एकच रंग, पण सगळ्या कॅनव्हासवर फिरवा. तो पूर्ण वाळला की पुढचा. पावसाळ्यात रंग वाळायला वेळ घेतो, आणि ओले ठिपके एकमेकांत गेले की चिखलच. रंग दह्याइतका दाट हवा. पातळ असला तर ओघळतो, फार घट्ट असला तर ठिपक्याला शेंडी येते.

ट्रॉलरची कड रेघेने आखू नका. गडद बाजूला लागून असलेल्या पाण्यात थोडे जास्त उजळ ठिपके द्या, कड आपोआप उठते. प्रतिबिंबात पांढरा किंचित काळवंडतो, काळा किंचित उजळतो. डोलकाठीचं प्रतिबिंब खाली जाताना तुटक करा.

ठिपक्याचा आकार चित्र लावायची भिंत किती लांबून दिसते ते बघून ठरवा. साधारण साडेतीन मीटरवरून १ मिमीचे ठिपके एकजीव होतात, ३ मिमीच्यांना दहा मीटर लागतात. घरच्या खोलीत मोठे ठिपके वेगळेच दिसत राहतात. पाण्याची चमक हवी असेल तर तेच बरं.

वार्निश पाऊस सरल्यावर. दमट हवेत त्यावर दुधी पडदा धरतो.